जलपर्णीवाले सर

‘घाण’ हा शब्द सरांसमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, “त्या तळ्यात नुसती घाण आहे,” की सर विचारायचे, “कोणकोणती?” समोरचा गडबडायचा. सर सोडायचे नाहीत. “घाण आहे म्हणता, म्हणजे पाहिलेली असणार. नावं सांगा. सगळी नको, एकाचं सांगा.” आमच्या प्राचार्यांनाही त्यांनी भर मीटिंगमध्ये हेच विचारलं होतं. प्राचार्य बिचारे स्वच्छता पंधरवड्याचं नियोजन सांगत होते. तळ्यातली घाण मुलांकडून काढून घेऊ म्हणाले आणि सर उभे राहिले. प्राचार्य म्हणाले, “अहो, शेवाळ वगैरे.” सर म्हणाले, “शेवाळाचं नंतर बघू. ‘वगैरे’ कोणत्या कुळातलं?” मीटिंग तिथेच संपली आणि त्या पंधरवड्यात आम्ही कॉलेजचंच आवार झाडलं.

मी जव्हारच्या त्या कॉलेजात मराठी शिकवते. सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आता ते निवृत्त होऊन मोखाड्याकडे आपल्या पाड्यावर राहतात, तब्येतीनं ठणठणीत आहेत. मी हे रागानं लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. शांतपणे लिहून बघितलं, जमलं नाही. कुणावर रागावलेय, तर त्या सुशोभीकरणवाल्यांवर, टाळ्या वाजवणाऱ्यांवर, आणि थोडी सरांवरही.

सर काटकुळे, उंच, आणि पँट कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पावसाळ्यात त्यांच्या चपला पायात कमी आणि हातात जास्त असायच्या. पहिल्या तासाआधी ते कुठल्या तरी तळ्यात, खाचरात, ओहोळाच्या काठाला उतरून आलेले असायचे. स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसले की पोटरीवर जळू सापडायची. मग माझ्या डब्यातलं मीठ मागायचे. जळू मीठ लावून सोडवायची, कागदात धरायची, बाहेर जाऊन ओलीला ठेवायची आणि उरलेलं मीठ मला आभार मानून परत द्यायचं. मी ते मीठ कधी खाल्लं नाही, पण ते प्रत्येक वेळी परत द्यायचे.

वर्गात बसून शिकवणं त्यांना मानवत नसे. पाण्यातली झाडं पाण्यात उभं राहूनच शिकायची, असा त्यांचा खाक्या. एकदा एका मुलीनं पिवळ्या फुलांची एक तरंगती वेल सर्रकन ओढून वर काढली. सरांनी तिला भिंगातून त्या वेलीचे बारीक फुगे दाखवले. “हिला मूळ नाही. ही या फुग्यांत पाण्यातले किडे ओढून घेते आणि खाते. डासांची पिल्लं खाते. तू काय खाल्लंस सकाळी?” मुलगी म्हणाली, “चहा-बटर.” “म्हणजे तुझा गावाला काही उपयोग झाला नाही. तिला परत ठेव.” मुलीनं ती परत ठेवली. “सॉरी म्हण.” ती तेही म्हणाली. सगळे हसले, सर हसले नाहीत. ते गंमत करत नव्हते.

त्यांच्या घरी न्हाणीत कुमुदिनीची बादली, ओट्याखाली कसल्याशा पाणनेच्याचा टब, मागच्या दारी ड्रमात पोयणी, म्हणजे आपलं रानातलं साधं पांढरं कमळ. पाहुणा आंघोळीला निघाला की वहिनींची धावपळ व्हायची. वहिनी मला एकदा म्हणाल्या, “बादल्या समद्या गवताला दिल्या. माणसाना काय, तांब्या हाय.” सर आतून ओरडले, “गवत नव्हे ते!” वहिनी तितक्याच जोरात म्हणाल्या, “मंग त्याचा नाव तुमीच सांगा नि आंघोळ पण तुमीच घाला!”

आता सरांच्या मराठीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथून झाला. त्यांची घरची बोली वेगळी. मराठी ते आश्रमशाळेत शिकले आणि पुढे शब्दकोश घेऊन एकट्यानं शिकत राहिले. त्यामुळे त्यांची मराठी माझ्याहून शुद्ध होती आणि बाजारात कुणाला धड कळत नव्हती. चहावाला म्हणायचा, “सर, कटिंग देऊ?” तर हे विचारायचे, “कापलंय काय त्यात?” प्रत्येक शब्द उघडून बघायचा, आत जो अर्थ असेल तोच घ्यायचा. लोक तो शब्द कसा वापरतात याच्याशी देणंघेणं नाही. मी एकदा म्हटलं, “सर, शब्द असे सोलून वापरायचे नसतात.” तर म्हणाले, “बाई, तुम्हाला मराठी आईच्या दुधाबरोबर आली. तुम्ही न बघता वापरता. मी शिकून घेतली. शिकलेल्या माणसाला प्रत्येक शब्द उघडून बघावाच लागतो, नाहीतर त्याला कुणीही फसवतं.” आमच्या घरात आजीपासून सगळे हीच भाषा बोलत आले. कुठल्या शब्दाला मी अडखळले आणि वर्ग हसला, असं माझ्या बाबतीत कधी झालं नाही. त्यांच्या बाबतीत लहानपणभर तेच झालं होतं.

जामसरच्या बाजूला रस्त्याखाली एक तळं होतं. होतं म्हणजे अजूनही आहे, पण त्याकडे मी पुढे येते. लोक त्याला लव्हाळ्याचं तळं म्हणत. खोल नव्हतं. काठ उतरता, चिखलाचा, आणि मधे गुडघाभर, फार तर कंबरभर पाणी. श्रावणात तिथे पाणी दिसायचंच नाही, इतकी पानं. काठाला लव्हाळा, मग पाण्यावर पसरणारी नाळीची भाजी, मग पोयणी आणि कुमुदिनी, आणि एका अख्ख्या बाजूला देवभात. देवभात म्हणजे आपोआप उगवणारं रानचं भात. ना नांगर, ना पेरणी. त्याच्या लोंबीला लांब तांबूस कुसळं असतात आणि दाणा पिकला की लगेच गळून चिखलात पडतो. आमच्या साखरशेतच्या घरी ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, तेव्हा आईला देवभाताचे चार दाणे तरी हवे असत. ते या तळ्यातून यायचे.

ते आणायची बुधीबाई. तळ्याला लागूनच तिचं भाताचं खाचर आहे. दाणा गळू नये म्हणून तिथल्या बायका हिरव्या लोंब्यांच्याच जुड्या चिंधीनं बांधून ठेवायच्या आणि प्रत्येकीची चिंधी वेगळ्या रंगाची. बुधीबाईची चिंधी निळी, तिच्या जावेची लाल. दुसरीच्या चिंधीला कुणी हात लावत नसे आणि काही जुड्या मुद्दाम न बांधता सोडायच्या, पुढच्या वर्षी उगवायला. सर तिथे उभे राहून हे बघत बसायचे. एवढ्या टबांत त्यांनी एवढी झाडं लावली, पण देवभात कधी घरी आणलं नाही. “ते बायांचं आहे,” म्हणायचे. “त्याला घरं ठरलेली आहेत.”

उन्हाळ्यात हे तळं पूर्ण आटायचं. भेगाळलेला चिखल, त्यावरून शेळ्या चालायच्या. परीक्षा संपल्यावर सर मुलांना मुद्दाम तिथे न्यायचे आणि हळू बोला म्हणायचे, कारण सगळे झोपलेत. मग मूठभर कोरडा गाळ कागदात बांधून आणायचा, प्रयोगशाळेच्या खिडकीत काचेच्या ग्लासात पाण्यात घालून ठेवायचा. काही दिवसांत त्यातून हिरवे कोंब वर यायचे. “तळं म्हणजे पाणी नव्हे,” ते मुलांना सांगायचे. “पाणी येतं-जातं. तळं म्हणजे हा चिखल. बी, कंद, सगळं यात आहे.” मला वाटतं, आमच्या कॉलेजातल्या मुलांना वनस्पतिशास्त्रातलं बाकी काही आठवत नसलं तरी तो ग्लास आठवतो.

मग एक वर्ष असं आलं की जिकडेतिकडे तळ्यांच्या सुशोभीकरणाची भाषा सुरू झाली. आमच्या तळ्याचंही नाव निघालं, असं सरांच्या कानावर आलं. लगेच अर्ज करा, मोर्चा काढा, असं आम्ही म्हणत राहिलो. सर म्हणाले, “लोकांना माहीत नाही म्हणून ते घाण म्हणतात. माहीत झालं की म्हणणार नाहीत. मी बोर्ड लावतो.” लाकडी फळी आणली, स्वतः रंगवली, आणि मजकूर तपासायला माझ्याकडे घेऊन आले, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना सहन झाली नसती. ऱ्हस्व-दीर्घाची चूक नव्हतीच. बोर्डावर लिहिलं होतं: ‘या तळ्यात अनेक प्रकारच्या जलपर्णी आहेत. त्यांची काळजी घ्यावी.’

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, “सर, जलपर्णी काय लिहिताय? जलपर्णी म्हणजे ती जांभळ्या फुलांची परदेशी. नद्या-तलाव झाकून टाकते ती. पेपरात रोज येतं, जलपर्णी काढा, जलपर्णीचा विळखा. लोक तेच समजतील.”

“जल म्हणजे पाणी. पर्ण म्हणजे पान. जिचं पान पाण्यात ती जलपर्णी. माझी पोयणी जलपर्णी, माझी कुमुदिनी जलपर्णी. ती परदेशी बाई परवा आली आणि तिला तुम्ही आमचा शब्द देऊन टाकला?”

“मी नाही दिला. लोकांनी दिला.”

“मग परत घ्या. तुम्ही मराठीच्या शिक्षिका ना?”

“सर, ‘पाणवनस्पती’ लिहा. हात जोडते.”

“वनस्पती तर तुपाच्या डब्यावर पण असते,” सर म्हणाले आणि फळी काखेत मारून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठाला बोर्ड उभा होता. अक्षर सुरेख होतं. तेव्हापासून गावात त्यांना ‘जलपर्णीवाले सर’ म्हणायला लागले, आणि त्यांना ते आवडायचं.

पुढच्या वैशाखात, कॉलेजला सुट्टी, सर लग्नासाठी मोखाड्याकडे गेलेले. बुधीबाईनं त्यांना कुणाच्या तरी फोनवरून फोन लावला. “सर, तळा खणतात. मोठी गाडी आनली. तुमी सांगितला असा ते बोलतात. तुमी सांगितला काय?”

सर मिळेल त्या जीपनं आले. मला वाटेतूनच फोन केला, मीही गेले. आम्ही पोचलो तोवर पोकलेननं तळं खरवडून घेतलं होतं, खालचा मुरूम लागेपर्यंत. भर उन्हाळ्यात त्या तळ्यात एक हिरवं पान नव्हतं, आणि कामाचं नाव काय होतं माहीत आहे? ‘जलपर्णी काढणे व गाळ उपसणे.’ नसलेली जलपर्णी काढून झाली होती. आणि काढलेला गाळ ट्रॅक्टरनं आजूबाजूच्या खाचरांत पसरला होता, सुपीक म्हणून, फुकट. बुधीबाईच्या खाचरातही. सर त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. खाली हात घालून थोडी माती उचलली, बघितली आणि टाकून दिली. त्यात काही नव्हतं.

मी त्यांना धरून, हे काम मंजूर करणाऱ्या कार्यालयात नेलं. कुठल्या ते लिहीत नाही. लिहून काय होणार आहे? साहेब तरुण होते, गोड बोलत होते. त्याचाच जास्त संताप आला. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं आणि मोबाइलवरचा एक फोटो उघडून दाखवला. सरांचा बोर्ड. “सर, तुमच्याच बोर्डाचा तर फोटो प्रस्तावाला जोडला आम्ही. स्थानिक जाणकारांनीच लिहून ठेवलंय की जलपर्णी आहे. त्यामुळे मंजुरी पटकन आली.”

मी म्हणाले, “त्यावर काळजी घ्यावी असंही लिहिलंय.”

“घेतली ना, मॅडम,” साहेब म्हणाले. “एकही शिल्लक नाही.”

तो माणूस कुचेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आम्ही आभार मानायला आलोय. मी त्या टेबलावर हात आपटून जे बोलायचं ते बोलले, आवाज चढवून बोलले, बाहेरचा शिपाई आत डोकावला. पोयणी म्हणजे काय, देवभात म्हणजे काय, आटलेलं तळं म्हणजे मेलेलं तळं नव्हे, सगळं सांगितलं. साहेब मान डोलावत राहिले. शेवटी म्हणाले, “मॅडम, आपण तिथे कमळं लावू. कुंडीत मिळतात.” सर एवढा वेळ मोबाइलवरच्या त्या फोटोतली स्वतःची अक्षरं बघत होते.

पावसाच्या आधी काठाला दगडी पिचिंग झालं, म्हणजे उतारावर दगड रचून बसवले, पायऱ्या झाल्या, रेलिंग आलं, सिमेंटची दोन बदकं आली. तळ्याला काठच उरला नाही. दगड संपला की सरळ खोल खड्डा. उद्घाटनाला मंडप घातला आणि सरांना सत्काराला बोलावलं. मी म्हटलं, जाऊ नका. ते गेले. शाल घेतली, नारळ घेतला, आणि माईक मागितला. आयुष्यभर शुद्ध मराठी बोललेला तो माणूस त्या माईकवर आपल्या घरच्या बोलीत बोलला. एकच वाक्य. “ह्यो तळा माझे शब्दाना मेला.”

पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना काही कळलं नाही. बोलीभाषेतून मनोगत, म्हणून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. तळं आपल्या शब्दानं मेलं असं सर म्हणताहेत, हे मागे जमिनीवर बसलेल्या बायकांना कळलं. त्यांच्यातली एकही टाळी वाजवत नव्हती. मी मंडपातून उठून बाहेर गेले, कारण तिथे थांबले असते तर एखाद्या बदकाची मान मोडली असती.

आणि सरांचाही राग आला होता, तो अजून गेलेला नाही. शब्द परत घ्यायचा होता तर वर्गात घ्यायचा, माझ्याशी भांडून घ्यायचा. तळ्याच्या जिवावर कशाला? हे मी त्यांना तोंडावर बोलले. ते म्हणाले, “बरोबर आहे.” ते इतक्या लवकर कबूल झाले की माझं भांडण अर्धवटच राहिलं.

पाऊस लागला, लावण्या झाल्या, आणि आषाढ सरता सरता आजूबाजूच्या खाचरांत भाताबरोबर दुसरंच काही उगवायला लागलं. गाळातलं बी जागं झालं होतं. कुठे नाळीची भाजी, कुठे बांधाच्या कडेला पोयणीचं एखादं पान, आणि सगळीकडे देवभात. सरांच्या अंगात वारं शिरलं. कोंब उपटून त्यांनी तळ्यात लावून बघितले. पण लावणार कुठे? पिचिंगच्या दगडांत माती नाही, पुढे पाणी डोक्यावर. कोंब तरंगून कडेला यायचे. वर रेलिंगपाशी शिट्टी घेऊन एक माणूस बसवला होता, तो ओरडायचा, “ओ काका, आत उतरायचं नाय!”

बेणणीच्या, म्हणजे तण काढायच्या दिवसांत आम्ही दोघं बुधीबाईच्या खाचरावर गेलो. ती गुडघाभर चिखलात एकटीच उभी होती. तिनं भात ओळीत लावलं नव्हतं, तिकडे लावतही नाहीत. सगळं एकसारखं हिरवं दिसत होतं, आणि त्यात अर्धं देवभात होतं. पुढे ते तिच्या भाताच्या आधी पिकून गळलं असतं, पुन्हा तिच्याच चिखलात पेरलं गेलं असतं आणि दर वर्षी वाढलं असतं. त्या एका खाचरावर तिच्या घरातली माणसं वर्षाचं जेवतात.

“सर,” ती म्हणाली, “माना दोनी सारखाच दिसतो. माझा कुठला नि त्याचा कुठला, कळत नाय. तुमाना कळतो. दाखवा. ठेवू काय काढू, ता पण तुमीच सांगा.”

मला वाटलं, आता सर काहीतरी शब्द फोडून सांगतील, देव म्हणजे काय आणि भात म्हणजे काय. ते चपला बांधावर ठेवून चिखलात उतरले. वाकून एक रोप बोटांत धरलं, पानाच्या बुडाशी काहीतरी बघितलं.

“ह्यो काढ,” ते म्हणाले.

तिनं काढलं. मग त्यांनी पुढचं धरलं, आणि त्याच्या पुढचं. ती थकून बांधावर बसली तेव्हा ते स्वतःच उपटायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्खं खाचर निवडून दिलं. एकही देवभात सोडलं नाही, कारण एकही ओळखायला ते चुकत नव्हते.